सिस्टरसाठी बोलकं घड्याळ

३ सप्टेंबर, मंगळवार

सिस्टरला बोलणारं घड्याळ घ्यायचं ठरलं. म्हणजे मी ठरवलं.

ही वही कारखान्यातल्या तपासणी विभागाची. एकतीस वर्षं मी पंप तपासले. पास, नापास, दुरुस्तीला परत, असे तीनच शेरे. नोंद केल्याशिवाय निर्णय घ्यायचा नाही ही हाडात मुरलेली सवय, त्यामुळे घड्याळाच्या निवडीची नोंदही इथे ठेवणार. मधूनमधून घरातलं काही आलं तर येवो. वाचायला कोण बसलंय!

सिस्टर म्हणजे माझी बायको. चौतीस वर्षं इस्पितळात नर्स, त्यातली शेवटची बारा बायकांच्या वॉर्डची मुख्य. वॉर्ड तिला सिस्टर म्हणायचा, मग शेजारी म्हणायला लागले, मग दूधवाला, आणि कधीतरी माझ्याही तोंडात तेच बसलं. स्वतःच्या बायकोला सिस्टर म्हणणारा नवरा या इमारतीत मी एकटाच.

तिच्या डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग झिजला आहे, दोन्हीकडचा. कडेचं दिसतं, मधलं दिसत नाही. दार दिसतं, दारात कोणी उभं आहे हे दिसतं, पण चेहऱ्याच्या जागी धुरकट डाग. निवृत्तीला दोन वर्षं असताना तिने आपणहून नोकरी सोडली. रडारड नाही, तक्रार नाही. काठी घेऊन चालायला शिकली, हाताच्या अंदाजाने विणायला शिकली. फक्त वेळ तेवढी विचारावी लागते. आज तिने मला अकरा वेळा विचारली. अकराव्या वेळी माझा आवाज जरा चढला, आणि ती म्हणाली, "राहू दे. उजेडावरून समजून घेईन." मला फार वाईट वाटलं.

"बोलणारं घड्याळ आणतो तुला," मी म्हटलं.

"आणा. पण एक मिनिट मोजून देणारं हवं. बटण दाबलं की सुरू, मिनिट भरलं की आवाज."

"ते कशाला?"

"लागतं."

अंडी उकडायला असणार. एका मिनिटात अंडं कुठे उकडतं म्हणा, पण दाबेल आठदहा वेळा. मागणी साधी आहे, नोंदवून घेतली.

५ सप्टेंबर, गुरुवार

लेकीचा फोन. ती दुसऱ्या शहरात असते आणि तिथून उंटावरून शेळ्या हाकते. तिचं म्हणणं, आईला नव्या पद्धतीचं, फोनला जोडलेलं मनगटी यंत्र घ्या. ते सगळंच सांगतं. मी म्हटलं, बाळ, त्याला एकही बटण नाही, नुसती गुळगुळीत काच. ज्याला दिसत नाही त्याच्यासाठी काच म्हणजे भिंत. बोट कुठे ठेवायचं? शिवाय रोज चार्ज करायचं. नापास.

"बाबा, पण ते ठोकेसुद्धा मोजतं," ती म्हणाली.

"आईच्या हृदयाला काही झालेलं नाही. डोळ्यांचं बोल."

ती एकदम गप्प झाली. वडील बरोबर बोलले की मुलं गप्प होतात, हे मी नेहमी पाहिलं आहे.

संध्याकाळी गॅलरीत बसलो होतो. सिस्टरला अलीकडे एक सवय लागली आहे. कानात तो छोटा बोंडासारखा इयरफोन घालून गाणी ऐकते आणि माझं मनगट धरून बसते. लग्नाला अडतीस वर्षं झाली, पण इतकी जवळ कधी बसत नव्हती. ड्यूटीवरून यायची आणि पाय चेपून घ्यायची. दिसेनासं झालं की माणसाला आधार लागतो. मी हात हलवत नाही. मुंग्या आल्या तरी हलवत नाही.

६ सप्टेंबर, शुक्रवार

सिस्टरला घेऊन घड्याळांच्या दुकानात गेलो. बाजारपेठेतलं सगळ्यात मोठं दुकान, तरी बोलणारी घड्याळं म्हणाल तर काउंटरच्या अगदी खालच्या खणात, धूळ खात. दुकानदाराने तीन काढली. मी घरून चाचण्यांची यादी करून नेली होती: आवाज किती, शब्द स्पष्ट की नाही, बटणं किती आणि एकमेकांपासून किती दूर, पट्टा एका हाताने लावता येतो का, बाही घासून आपोआप बोलतं का.

"साहेब, आजवर एवढी चौकशी कोणी केली नाही," दुकानदार म्हणाला.

"म्हणूनच तुमच्या खालच्या खणात धूळ आहे," मी म्हटलं.

पहिल्याला सहा बटणं. सिस्टरने बोट फिरवलं आणि परत दिलं. "मला घड्याळ हवंय, हार्मोनियम नको." दुसऱ्याचा आवाज इतका बारीक की चालत्या पंख्याखाली ऐकू येईना. तिसऱ्यात ते एक मिनिटाचं मोजमाप होतं. तिने बटण दाबलं आणि दुसऱ्या हाताने माझं मनगट धरलं. गिऱ्हाइकांची गर्दी होती, कोणीतरी मागून ढकलत होतं, घाबरली असावी. मी म्हटलं, "मी आहे इथेच." ती म्हणाली, "बोलू नका." मिनिट भरलं, घड्याळ किंचाळलं, दुकानातले सगळे वळून बघायला लागले. ती मात्र तशीच उभी. मग पुन्हा बटण दाबलं. असं तीनदा.

दुकानदार हसून म्हणाला, "या वयातही हात सुटत नाही तुमचा."

खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं.

तिसरं घड्याळ आठवडाभर वापरून बघण्याच्या बोलीवर आणलं.

९ सप्टेंबर, सोमवार

तिसरं घड्याळ नापास. सविस्तर नोंद:

आतला माणूस कायमची सर्दी झाल्यासारखा बोलतो. 'बारा' आणि 'अकरा' यांतला फरक कळत नाही. बटण इतकं हलकं की हात दुमडला तरी बोलायला लागतं. आज डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नंबर लावून बसलो होतो. शांत खोली, वीसेक माणसं. सिस्टरने हाताची घडी घातली आणि घड्याळाने दहा वाजून चाळीस मिनिटं झाल्याचं खणखणीत जाहीर केलं. तिने हात सोडला, पुन्हा जाहीर केलं. एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, "आम्हाला माहीत आहे हो उशीर झालाय. डॉक्टरांना ऐकवा."

खोलीभर हसू पिकलं. सिस्टर सगळ्यांत जास्त हसली. ती अशी मोकळी हसलेली मी बऱ्याच दिवसांनी ऐकली.

परत आल्यावर मी घड्याळ खोक्यात घातलं. ती म्हणाली, "दोन दिवस राहू द्या."

"अगं, नापास आहे ते."

"मोजमाप तर बरोबर करतंय ना?"

दोन दिवस ठेवतो. मग परत.

१४ सप्टेंबर, शनिवार

आठवड्याची खरेदी. आमचं घर चौथ्या मजल्यावर, लिफ्ट दोन महिन्यांपासून बंद. तिसऱ्या मजल्यावर मी जरा थांबलो.

"का थांबलात?" सिस्टरने मागून विचारलं.

"पिशवी जड आहे."

"पिशवी माझ्याकडे आहे."

खरंच तिच्याकडे होती. खालच्या पायरीवर तिने माझ्या हातातून घेतली होती, ते मी विसरलो. म्हटलं, मग बटाट्यांच्या विचाराने दमलो असेन. ती हसली नाही. माझ्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली, मी निघेपर्यंत.

दुपारी म्हणाली, "एकदा तपासून घ्या ना." लिफ्ट बंद पडून जिने चढावे लागल्यापासून, म्हणजे दोन महिने, हे ती अधूनमधून म्हणते. नोकरी संपते, पण सिस्टरपण संपत नाही. मी म्हटलं, मला काय धाड भरली आहे? पासष्ट वर्षांत एक दाढ सोडली तर काही काढलेलं नाही. गॅस होतो कधी कधी, छातीत फडफडल्यासारखं होतं, तो कोणाला होत नाही?

१५ सप्टेंबर, रविवार

सिस्टर सकाळी फोनवर लेकीशी बोलत होती, आतल्या खोलीत, दार लोटून. मी चहा घेऊन गेलो तेव्हा एवढं ऐकू आलं: "एकशे चार. नाही गं, सारखा नाही. मधेच एक सुटतो, मग तीन घाईघाईने येतात... लिहिलंस?"

मला पाहून, म्हणजे पावलांचा आवाज ऐकून, ती थांबली.

स्वेटर बिघडतो आहे बिचारीचा. हाताच्या अंदाजाने विणायचं म्हणजे टाके सुटणारच. लेकीला काय कळणार त्यातलं, तिला सुई धरता येत नाही; पण आईचं मन राखायला लिहून घेते. गुणाची पोर. मी म्हटलं, "सुटला तर सुटला, उसवून पुन्हा घाल." सिस्टर म्हणाली, "तेच करायचं आहे."

१९ सप्टेंबर, गुरुवार

आजचा दिवस महत्त्वाचा.

दृष्टी गेलेल्यांसाठीच्या केंद्रात गेलो. सिस्टर इथेच काठी शिकली. तिथल्या शिक्षिका जन्मापासून पाहू न शकणाऱ्या. वय चाळिशीचं, बोलणं सपासप. त्यांच्याकडे एका लांब टेबलावर नमुन्याची घड्याळं मांडलेली असतात, आणि कोणतं कुठे आहे ते त्यांना पाठ.

मी माझी यादी वाचायला लागलो. त्यांनी मधेच थांबवलं. "घड्याळ कोण घालणार आहे?"

"ही."

"मग तुम्ही पाच मिनिटं श्वास घ्या."

हे मला आवडलं नाही. पण त्यांचं काम चोख, हे कबूल केलं पाहिजे. त्यांनी सिस्टरच्या हातात एकेक घड्याळ दिलं आणि काहीही सांगितलं नाही. सिस्टरने स्वतः बटणं शोधली. एका घड्याळाची काच उघडते आणि काट्यांवर बोट ठेवून वेळ कळते. एकदम भारदस्त, आवाजाची भानगडच नाही, चारचौघांत कोणाला पत्ता लागत नाही. बनावट बघून मी तिथेच मनात 'पास' लिहिलं. तिची बोटं काट्यांवरून इतकी हलकी फिरली की काटा जागचा हलला नाही. शिक्षिका म्हणाल्या, "नव्या माणसाकडून काटा हमखास सरकतो. तुमची बोटं कोणत्या कामातली?"

"नर्स होते."

"मग हेच घ्या."

"नको. याला सेकंद नाहीत. मला पूर्ण एक मिनिट मोजून हवंय."

शिक्षिकांनी काट्यांचं घड्याळ मिटून जागेवर ठेवलं. मग मला म्हणाल्या, "काका, तुम्ही जरा बाहेर बसता का?"

मी एकतीस वर्षं लोकांना तपासणी खोलीच्या बाहेर बसवलं, मला आज पहिल्यांदा कोणी बसवलं. बाहेर बाकावर वीस मिनिटं. आत दोघींचा दबका आवाज, काही ताकास तूर लागू देत नव्हत्या. बाहेर आल्या तेव्हा सिस्टरच्या मनगटावर दोन बटणांचं घड्याळ होतं. एक वेळ सांगायला, दुसरं मिनिट मोजायला. बाईचा आवाज, स्वच्छ. बटणं दोन विरुद्ध बाजूंना, दाबायला बेताची घट्ट. बाही घासून बोलत नाही. पट्टा ताणायचा, एका हाताने चढतो.

मी काट्यांच्या घड्याळाची बाजू मांडली. ऐकून घेतली आणि घेतलं हेच. रस्त्यात मी जरा फुगून होतो, हे लिहून ठेवतो. एवढी तपासणी मी केली, आणि निवडलं दोघींनी दार लावून.

पण घड्याळ निर्दोष आहे. शेरा: पास.

२० सप्टेंबर, शुक्रवार

नाश्त्याआधी तिने मिनिटाचं बटण पाच वेळा दाबलं. प्रत्येक वेळी माझ्या शेजारी बसून, माझा हात हातात घेऊन.

गॅसवर अंडं नव्हतं.

२२ सप्टेंबर, रविवार

आज भांडण झालं. अडतीस वर्षांत असं झालं नव्हतं.

जेवण झाल्यावर तिने मला समोर बसायला सांगितलं. वॉर्डातल्या नातेवाइकांना बसवायची तशी. "मधे बोलू नका," म्हणाली, आणि सांगायला लागली.

माझी नाडी बिघडली आहे. ऑगस्टच्या शेवटी एका संध्याकाळी गॅलरीत तिने सहज हात धरला होता, तेव्हा तिला ते लागलं. तीन ठोके घाईचे, मग एक गायबच, मग एक उशिराचा. कुठलाच ताल नाही. तिचा विश्वास बसला नाही. माझ्यावर नव्हे, स्वतःच्या बोटांवर. मग तिने रोज मोजायला सुरुवात केली. कानात गाणी नव्हती, लेक असायची. ती तिकडे घड्याळ बघून 'सुरू' म्हणायची आणि मिनिटाने 'बस' म्हणायची, आणि आकडा लिहून ठेवायची. लेकीच्या नोकरीच्या वेळा जमेनात, म्हणून घड्याळ. दुकानात तीनदा मोजली ती माझी नाडी. सुटत होते ते टाके नव्हेत.

"वीसपेक्षा जास्त दिवसांचे आकडे आहेत," ती म्हणाली. "उद्या डॉक्टरकडे चला."

मला काय झालं कोण जाणे. मी तीन आठवडे तिच्यासाठी दुकानं पालथी घालतोय, आणि ती आणि लेक मिळून माझ्याच घरात माझीच तपासणी करताहेत, मला न सांगता! हात काय दिला आणि अवलक्षण पदरात पडलं. मी म्हटलं, आधी का नाही सांगितलंस?

"दोन महिने सांगतेय तपासून घ्या म्हणून. तुम्ही हसता. आणि आकड्याशिवाय मी कधी डॉक्टरपुढे उभी राहिले नाही."

तेव्हा मी ते बोललो. लिहायला हात धजत नाही, पण नोंद अर्धी ठेवायची नसते. म्हटलं, "औषधाच्या चमच्यावरची खूण दिसत नाही तुला, आणि माझं हृदय तपासतेस?"

तिने पुढ्यातला पेला बाजूला सरकवला. मग म्हणाली, "नोकरी का सोडली ते तुम्ही कधी विचारलं नाहीत. एका बाईच्या सलाइनची गती मी चुकीची लावली होती. शिकाऊ पोरीने वेळेवर पाहिलं, म्हणून काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी मी राजीनामा दिला. डोळ्यांनी चूक केली, बोटांनी नाही. पण तेव्हापासून मला बोटांचीही खात्री वाटेनाशी झाली. म्हणून इतके दिवस मोजलं. शंभर वेळा मोजलं."

ती उठली आणि भांडी धुवायला गेली. मी बसून राहिलो.

२३ सप्टेंबर, सोमवार

काही बोलणं नाही. घड्याळही बोललं नाही. तिने ते काढून कपाटावर ठेवलं आहे.

२४ सप्टेंबर, मंगळवार

सकाळी दाढी करताना एक जुनी गोष्ट आठवली. एकदा एका पंपाचे सगळे आकडे नियमात होते: दाब बरोबर, वेग बरोबर. मी नुसता तळहात ठेवला आणि नापास लिहिलं. इंजिनियर चिडला. कारण द्या म्हणाला. मी म्हटलं, कारण हाताला लागतंय, कागदावर नाही. खोलला तर आतली बेअरिंग चिरलेली. पुढे महिनाभर मी छाती फुगवून फिरत होतो.

त्या तळहाताला कोणी विचारलं नव्हतं, तुला दिसतं का म्हणून.

मी कपाटावरून घड्याळ काढलं, स्वयंपाकघरात गेलो आणि तिच्यापुढे हात केला. "मोज," म्हटलं. तिने हात पुसले, पण घड्याळ घेतलं नाही.

"आधी डॉक्टरची वेळ घ्या," ती म्हणाली. "मग मोजते."

घेतली. उद्या सकाळी साडेनऊ.

२५ सप्टेंबर, बुधवार

डॉक्टर तरुण आहेत. आधी माझ्याशी बोलायला लागले, काय होतंय वगैरे. मी म्हटलं, काही नाही, गॅस. सिस्टरने काठी खुर्चीला टेकवली आणि सरळ बसली. लेकीने छापून पाठवलेला कागद तिने टेबलावर ठेवला, पण आकडे तिला तोंडपाठ होते.

"सर, पासष्ट वर्षांचा पुरुष. तीस ऑगस्टपासून नाडी अनियमित, कुठलाही ताल नाही. विश्रांतीत मिनिटाला अठ्ठ्याण्णव ते एकशे अठरा. प्रत्येक वेळी पूर्ण मिनिट मोजलेली, दिवसातून किमान दोनदा. जिना चढताना तिसऱ्या मजल्यावर थांबावं लागतं. रुग्ण गॅस सांगतो."

'रुग्ण गॅस सांगतो!' मी शेजारीच बसलो होतो.

डॉक्टरांनी कागद वाचला आणि खुर्ची तिच्याकडे वळवली. तिथून पुढे ते तिच्याशीच बोलत होते, आणि मी टेबलावर ठेवलेल्या नमुन्यासारखा. हृदयाचा आलेख काढला. पट्टी बाहेर आली. माझ्यासारख्या माणसालाही दिसत होतं की अंतरं सारखी नाहीत. कुठे दाटीवाटी, कुठे मोकळं.

डॉक्टर म्हणाले, हृदयाच्या वरच्या कप्प्यांची शिस्त बिघडली आहे. तिथे रक्त साचून गुठळी होऊ शकते, आणि ती मेंदूकडे गेली तर माणूस एका बाजूने लुळा पडतो. बरेचदा त्याच दिवशी पहिल्यांदा कळतं की नाडी बिघडली होती.

"तुमच्या बाबतीत आधी कळलं," ते मला म्हणाले. "नशीबवान आहात."

"नशीब नाही," मी म्हटलं. "सिस्टर आहे."

रक्त पातळ ठेवायची एक गोळी, वेग कमी करायची एक. रक्ताच्या आणखी तपासण्या, आणि हृदयाची सोनोग्राफी पुढच्या आठवड्यात. घाबरायचं कारण नाही, पण गोळी चुकवायची नाही. मी विचारलं, किती दिवस? डॉक्टरांनी सिस्टरकडे पाहिलं आणि ती म्हणाली, "मी बघते."

बाहेर पायऱ्यांवर मी माफी मागितली. मला ते नीट जमत नाही. रविवारचं बोलणं चुकीचं होतं, असं म्हणायचं होतं, तोंडातून आलं, "तुझी तपासणी पास."

"कळलं," ती म्हणाली. "पायरीकडे बघा, पडाल. गोळी चालू झाल्यावर खरचटलं तरी रक्त थांबायला वेळ लागेल."

दुपारी तिने दोन वाट्या सूप घेतलं आणि संध्याकाळपर्यंत गाढ झोपली. गेले कित्येक दिवस नीट जेवत नव्हती. सूप मीच केलं होतं, मिरपूडही बरोबर पडली.

३ ऑक्टोबर, गुरुवार

सोनोग्राफी झाली. झडपा चांगल्या आहेत. रक्तातल्या एका घटकाचं प्रमाण थोडं वर, त्यासाठी तिसरी गोळी. लेक दोन दिवस येऊन गेली. तिने मला मिठी मारली आणि नंतर तासभर रागावली. ती म्हणाली, "बाबा, मी रोज संध्याकाळी मीटिंगमधून बाहेर जाऊन 'सुरू' म्हणायचे. ऑफिसात वाटायचं मी कुठल्या शर्यतीला जाते."

घड्याळ पुन्हा मनगटावर आलं. सकाळ-संध्याकाळ मोजणी. आज सकाळी ब्याऐंशी.

आता वेळ मी तिला विचारतो. माझं घड्याळ बंद पडलं आहे, आणि दुरुस्तीला न्यायचं सारखं राहून जातं.

८ ऑक्टोबर, मंगळवार

केंद्रातल्या शिक्षिकांचा फोन. सिस्टरशी अर्धा तास बोलल्या. मग सिस्टर मला म्हणाली, "त्या म्हणताहेत, केंद्रातल्या बायकांना नाडी मोजायला शिकवाल का? बहुतेकींच्या घरी कोणी ना कोणी म्हातारं आहे."

"शिकव की."

"शिकवायला माणूस लागतो. नाडी बिघडलेला असला तर आणखी चांगलं."

मला कळायला जरा वेळ लागला.

ती मात्र आधीच कपाटातून जुना पांढरा कोट काढून बघत होती. म्हणजे हात लावून बघत होती. दोन बटणं तुटली आहेत म्हणाली. मी लावून दिली. एक जरा तिरकं बसलं, पण तिला सांगितलं नाही. तिने बोट फिरवलं आणि म्हणाली, "हे पुन्हा लावा."

१९ ऑक्टोबर, शनिवार

केंद्रात पहिला वर्ग. सात जणी, अर्ध्या गोलात खुर्च्या, मधल्या खुर्चीत मी, दोन्ही बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. प्रत्येकीच्या मनगटावर बोलणारं घड्याळ. केंद्राने वर्गापुरती वाटली होती.

सिस्टरचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. ती घरी आली की मला फक्त दमलेला आवाज मिळायचा; हा वॉर्डातला आवाज असणार. "अंगठ्याच्या मुळाशी या. तिथून दोन बोटं खाली. अंगठा वापरायचा नाही, अंगठ्याला स्वतःची नाडी असते, फसवेल. दाबायचं नाही, ठेवायचं. मिळालं? मिळेपर्यंत बटणाला हात लावू नका."

एकीने विचारलं, "सिस्टर, आकडा चुकला तर?"

सिस्टर त्या आवाजाच्या दिशेने वळली. मग म्हणाली, "तर पुन्हा मोजायचं. चुकेल या भीतीने हात काढून घ्यायचा नाही."

पहिल्या फेरीत सात जणींचे सात आकडे आले, बासष्टपासून एकशे चाळीसपर्यंत. एकीने तर मला नाडीच नाही म्हणून सांगितलं. सगळ्या हसल्या. सिस्टरने सगळ्यांना पुन्हा मोजायला लावलं. मग पुन्हा. माझे दोन्ही हात एवढ्या जणींनी धरले की मला शेवटी ते माझे वाटेनात. तिसऱ्या फेरीला पाच जणी चार ठोक्यांच्या आत आल्या, आणि एकीने आपणहून सांगितलं की मधे एक ठोका उशिरा येतो. सिस्टर तिच्या खुर्चीजवळ गेली आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला.

शेवटी सगळ्यांत लहान मुलगी राहिली, विशीतली असेल. तिच्या घरी आजोबा आहेत. तिने माझा हात घेतला, जागा शोधली, बटण दाबलं, आणि मान कलती करून बसली. ओठ मोजत होते. पूर्ण मिनिट खोलीत कोणी बोललं नाही. तिच्या मनगटावरून आवाज आला.

"एक्क्याऐंशी," ती म्हणाली. पण हात सोडला नाही. "काका, तुमची बोटं गार पडली आहेत. भीती वाटतेय का?"

घरात मी हा प्रश्न कधी कोणाला विचारू दिला नाही. इथे सात जणी कान देऊन बसल्या होत्या, आणि सिस्टर भिंतीजवळ उभी होती, माझ्याकडे तोंड करून.

"हो," मी म्हटलं. "वाटते."

"मग थांबा," ती मुलगी म्हणाली, "आणखी एक मिनिट धरते."